चारशे वर्डची फ्रेम आणि ४०९६ फुटांची उडी

सुरुवातीलाच सांगते, विमान कोणतं, क्लायंट कोण, टेस्ट बेस कुठला यातलं काही लिहिणार नाहीये आणि आकडे हिशोबाला बरे पडावेत म्हणून थोडे सरळ केलेत. बाकी जसं घडलं तसंच.

पार्श्वभूमी

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत, सात माणसांचं, खाली पॅकेजिंगवाला आणि वर आम्ही. काम असं की नवीन किंवा बदल केलेलं विमान चाचणीसाठी उडतं तेव्हा त्याच्यावर शेकडो सेन्सर लावलेले असतात, ते जे मोजतात ते रेडिओवरून जमिनीवर आणायचं आणि तिथे बसलेल्या इंजिनिअर लोकांच्या स्क्रीनवर दाखवायचं. हार्डवेअर क्लायंटचं, आमच्याकडे दोन गोष्टी, हा डेटा कुठल्या क्रमाने पाठवायचा तो फॉरमॅट आणि ग्राउंड स्टेशनचं सॉफ्टवेअर.

फॉरमॅट म्हणजे काय हे घरी सांगायची वेळ येते तेव्हा मी लोकलचं उदाहरण देते. मायनर फ्रेम म्हणजे एक लोकल. डबे ठरलेले (एकेका डब्याला आम्ही वर्ड म्हणतो), कितव्या डब्यात कोण बसणार तेही ठरलेलं, त्यामुळे कोणाच्या गळ्यात नावाची पाटी अडकवावी लागत नाही, डब्याचा नंबर कळला की आत कोण ते कळलं. हीच या पद्धतीची सगळ्यात मोठी बचत, प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं नाव पाठवावं लागत नाही. गाडीचं तोंड ओळखायला सुरुवातीला एक ठरलेला पॅटर्न असतो, त्याला सिंक म्हणतात, ३२ बिटचा असेल तर हेक्समध्ये एफई६बी२८४०, हे आमच्याकडे सगळ्यांना मोबाईल नंबरासारखं पाठ आहे. एखादी गोष्ट सावकाश बदलत असेल तर तिला दर गाडीत जागा कशाला, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून कशी एक गाडी वाशीची आणि पुढची पनवेलची सुटते तसं एकाच डब्यात आळीपाळीने वेगवेगळे लोक बसवायचे, हे सबकम्युटेशन. आणि जे फार पटापट बदलतं त्याला एकाच गाडीत सारख्या अंतरावर तीन-चार डबे द्यायचे, ते सुपरकम्युटेशन. आळीपाळीवाले सगळे एकदा येऊन गेले की एक मेजर फ्रेम पूर्ण. ही कितवी गाडी आहे ते कळायला प्रत्येक फ्रेममध्ये एक काउंटर असतो. या सगळ्याचे नियम आयरिग १०६ नावाच्या अमेरिकन स्टँडर्डच्या चौथ्या चॅप्टरमध्ये आहेत आणि जगभर बरेच लोक तेच पाळतात.

या वेळचं काम फ्लटर टेस्टचं होतं. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर पंखाची थरथर हवेच्या जोरावर आपली आपणच वाढायला लागते, विरत नाही, आणि मग काही सेकंदांत पंख तुटू शकतो. म्हणून वेग थोडा थोडा वाढवत नेतात, प्रत्येक टप्प्यावर पंखाला हलका धक्का देतात आणि खाली बसलेली माणसं बघतात की थरथर किती लवकर विरते. नाही विरली तर लगेच रेडिओवर 'थांबा'. म्हणजे हा डेटा विमान खाली उतरल्यावर मिळून उपयोग नाही, त्या क्षणी हवा.

अडचण

क्लायंटकडून पॅरामीटरची यादी आली ती अशी. पंख, शेपूट, इंजिनाचे माउंट मिळून थरथर मोजणारे ४८ अ‍ॅक्सेलरोमीटर, प्रत्येकी सेकंदाला २००० सॅम्पल, म्हणजे २००० वेळा मोजायचं. ताण मोजणारे ६४ स्ट्रेन गेज, ५०० सॅम्पल. कंट्रोल सरफेसच्या (पंख-शेपटीवरच्या हलत्या भागांच्या) पोझिशन, प्रेशर वगैरे ८०, प्रत्येकी २००. तापमानं आणि इतर संथ गोष्टी २५६, प्रत्येकी ५०. आणि विमानाच्या मिल-स्टँडर्ड १५५३ बसवरचे, म्हणजे विमानातली यंत्रं एकमेकांशी बोलतात त्या सामाईक वायरवरचे ४०० वर्ड, तेही ५०. सगळं १६ बिटमध्ये धरलं तर सिंक वगैरे सोडून सेकंदाला २८ लाख २८ हजार बिट, म्हणजे २.८३ मेगाबिट.

आणि जागा किती, तर १ मेगाबिट. ट्रान्समीटर जुना, पीसीएम-एफएमवाला, म्हणजे बिट साध्या एफएमवर पाठवणारा, वाट्याला आलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा तेवढाच, ग्राउंडचे रिसीव्हर त्याच हिशोबाने लावलेले. पहिल्या उड्डाणाला सहा आठवडे.

पर्याय काय होते

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडात आधी येतो तो, बिटरेट वाढवा. पीसीएम-एफएमला बिटरेटच्या साधारण १.१६ पट पट्टा लागतो म्हणजे इथे ३.२८ मेगाहर्ट्झ, तो कोणी देणार नव्हतं. एसओक्यूपीएसके हे नवीन मॉड्युलेशन (बिट रेडिओलहरीवर चढवायची पद्धत) घेतलं तर ०.७८ पटीत भागतं, पण मग ट्रान्समीटर नवा, ग्राउंडचा डिमॉड्युलेटर नवा, सहा आठवड्यांत विसरा. शिवाय पट्ट्याच्या भांडणात लोक एक गोष्ट विसरतात. तेवढ्याच पॉवरमध्ये पावणेतीन पट बिट कोंबले की प्रत्येक बिटाच्या वाट्याला ताकद कमी येते, हा तोटा साडेचार डेसिबलचा, म्हणजे आधी १०० किलोमीटरपर्यंत जे नीट ऐकू येत होतं ते आता साठच्या आत.

दुसरा, पॅकेट टेलिमेट्री. ठरलेल्या डब्यांऐवजी इथरनेटसारखी पाकिटं पाठवायची, ज्याला जितकी गरज तितकी जागा. आयरिगमध्ये त्याचीही सोय आहे, सातवा चॅप्टर. आमच्या ज्युनिअरला हेच करायचं होतं, तो दोन दिवस त्याच्यावरच बोलत होता, आणि खरं सांगते बसच्या डेटासाठी ते चांगलंही आहे कारण बसवर कधी काय येईल ते नक्की नसतं. पण आमचं ग्राउंड सॉफ्टवेअर तेव्हा पाकिटं उघडायला शिकलेलं नव्हतं आणि फ्लटरच्या कामात मला नवीन काही उडवायचं नव्हतं.

तिसरा, कॉम्प्रेशन. हा मीच काढला आणि मीच मारला. विमान वळताना अँटेना त्याच्याच अंगाआड जातो, काही बिट बिघडणारच. ठरलेल्या डब्यांच्या पद्धतीत एक बिट बिघडला तर एकच आकडा बिघडतो, अख्खी फ्रेम गेली तरी पुढची सिंक दिसली की गाडी परत रुळावर. कॉम्प्रेस केलेल्या डेटात एका बिटामागे पुढचं बरंच काही कचऱ्यात जाऊ शकतं, आणि इथे नेमकं पंख थरथरताना ते परवडणारं नाही.

चौथा, १२ बिटचे वर्ड. बरेचसे सेन्सर तसेही १२ बिटच्या वर खरी माहिती देत नव्हते, पाव जागा सरळ वाचली असती. पण बसचा प्रत्येक वर्ड १६ बिटचा, त्याचे तुकडे करून दोन डब्यांत बसवावे लागले असते. तुकडे करणं मला नको होतं, ते दोन तुकडे वेगवेगळ्या वेळचे निघाले तर आकडा खोटा होतो. हे मी मीटिंगमध्ये मोठ्या आवाजात बोलले होते. लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाचवा पर्याय म्हणजे सगळं पाठवायचंच कशाला. विमानावर रेकॉर्डर होताच, यादीतलं सगळं २००० सॅम्पलसकट तो टिपून ठेवू शकत होता. खाली पाठवायचं फक्त ते, जे उडताना कोणीतरी बघणार आहे.

पहिला निर्णय: यादीला प्रश्न विचारायचे

आम्ही पाचवा घेतला. क्लायंटचे इन्स्ट्रुमेंटेशनवाले साहेब आणि त्यांच्या फ्लटरच्या मॅडम दोन दिवसांसाठी महाप्याला आल्या, भर पावसाळ्यात, ठाणे-बेलापूर रोडवर पाणी, पहिल्या दिवशी अकराच्या ऐवजी दीडला पोचले. मग बसून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न, हे उडताना कोण बघणार आणि बघून काय करणार.

अ‍ॅक्सेलरोमीटरला २००० कशाला? मॅडम म्हणाल्या आधीच्या प्रोजेक्टात तेवढे होते. ज्या थरथरीची काळजी आहे ती किती हर्ट्झपर्यंत? साधारण ४५. मग १०० हर्ट्झला फिल्टर लावला आणि ५१२ सॅम्पल घेतले तर त्याच्या पाचपट होतात, स्क्रीनवर डॅम्पिंग, म्हणजे थरथर कशी विरते ते, बघायला भरपूर. त्यांनी रात्रभर जुन्या डेटावर करून बघितलं आणि सकाळी हो म्हणाल्या. हे मला फार आवडलं, शब्दावर विश्वास ठेवला नाही, करून बघितलं.

इंधनाच्या तापमानाला ५० सॅम्पल होते. आमचे सर म्हणाले टाकीतलं इंधन काय सेकंदाला पन्नास वेळा तापतं-निवतं का, त्यावर साहेब हसले आणि मग यादी भराभर उतरायला लागली. ५० हा आकडा कोणी विचार करून लिहिलेलाच नव्हता, एक्सेलमध्ये वरचा सेल पकडून खाली ओढलेला होता. अर्थात सगळंच उतरलं नाही, केबिनमधली काही मापं अजिबात कोणी बघणार नव्हतं पण ती काढायची म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या डिपार्टमेंटला विचारावं लागलं असतं, म्हणून ती राहिली. त्यांना सेकंदाला ४ वर आणलं आणि विषय सोडला.

रेट सगळे दोनच्या घातात घेतले, ४, १६, ३२, ६४, १२८, ५१२. यादीत मध्येच कोणी ६०, कोणी ७५ मागितलेले, असे आकडे एकमेकांत बसत नाहीत, मधे भोकं राहतात किंवा वरच्या रेटला चढवावं लागतं. ६० वाल्याला ६४ दिले, ७५ वाल्याशी बोलून त्यालाही ६४ वर आणलं, नाहीतर त्याला १२८ द्यावे लागले असते.

शेवटी असं बसलं. मायनर फ्रेम सेकंदाला १२८, मेजर फ्रेम ३२ फ्रेमची म्हणजे पाव सेकंदाची. अ‍ॅक्सेलरोमीटर फ्रेममध्ये चार चार वेळा, १९२ वर्ड. स्ट्रेन गेज ६४. बाकी सगळ्याला ११२, वर्ड सगळे १६ बिटचेच. सिंकचे २, काउंटरचा १, वेळेचे ३. एकूण ३७४. फ्रेम ४०० ची केली, २६ मोकळे. ४०० गुणिले १६ गुणिले १२८, म्हणजे ८ लाख १९ हजार २०० बिट. १ मेगाबिटच्या आत.

वर्ड कुठे बसवायचे ते ज्युनिअरने लिहिलेल्या स्क्रिप्टने ठरवलं. स्क्रिप्ट छान होती. पण तिने वाचवले ते हाताने केलेल्या मांडणीपेक्षा वीस-बावीस वर्ड, म्हणजे सेकंदाला ४५ हजार बिट. प्रश्न विचारून वाचले ते २० लाख. तरी डेमोमध्ये आम्ही स्क्रिप्टच दाखवली, तिला ग्राफ होते.

दुसरा निर्णय: काकांचा प्रश्न

नौपाड्यात एक काका आहेत, सगळं आयुष्य फ्लटरच्या कामात गेलं, आता रिटायर, आमच्या सरांचे जुने ओळखीचे. सर म्हणाले एकदा त्यांना दाखवून ये. मी लॅपटॉप घेऊन गेले, काकूंनी पोहे दिले, काका आधी अर्धा तास जुन्या काळावर बोलले, तेव्हा म्हणे खरंच एक फिरणारा स्विच असायचा, एकेका सेन्सरला आळीपाळीने टेकत जायचा, कम्युटेशन हा शब्द तिथूनच आला. मग त्यांनी मांडणी बघितली आणि विचारलं, "डाव्या पंखाचं टोक कितव्या वर्डला? आणि उजव्याचं?"

डावं ९, उजवं ८९. स्क्रिप्टला काय, सेन्सर नंबरच्या क्रमाने जागा मिळाली तशी दिली.

"तुमचं सेन्सर वाचणारं कार्ड सगळे चॅनल एकदम पकडतं का ज्याची पाळी येईल तेव्हा वाचतं?" पाळी येईल तेव्हा. काकांनी पेपरच्या कडेला हिशोब केला. एक वर्ड जायला १९.५ मायक्रोसेकंद, ८० वर्ड म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या जरा वर, ४० हर्ट्झला त्याचा फेज, म्हणजे एका लाटेत मागे-पुढे असण्याचा फरक, २२.५ अंश. दोन्ही पंख बरोबर हलतायत की उलट, यावर कुठला मोड, म्हणजे थरथरीचा प्रकार आहे ते ओळखतात, आणि आम्ही त्याच्यात फुकटचा साडेबावीस अंशांचा फरक घालून देत होतो. ग्राउंडवर तो वजा करता येतो, पण ते कोणाला माहीत असेल तर.

डावे-उजवे शेजारी-शेजारी ठेवले की फरक पाव अंशावर येतो. मी परतताना तलावपाळीला एक चक्कर मारली आणि तिथूनच ज्युनिअरला फोन केला की स्क्रिप्टमध्ये या जोड्या टाक. त्याने अ‍ॅक्सेलरोमीटरच्या जोड्या टाकल्या. अ‍ॅक्सेलरोमीटरच्याच. मीही तेवढंच सांगितलं होतं.

हे व्हर्जन एक. बेंचवर आठवडाभर तपासलं, पिटो-स्टॅटिक टेस्ट सेट (उंची-वेग मोजणाऱ्या नळ्यांना हवेचा खोटा दाब देणारं यंत्र) लावून उंची-वेग खोटे खोटे वरखाली करूनही बघितलं. सगळं बरोबर.

तिसरा निर्णय, जो चुकला

उड्डाणाच्या नऊ दिवस आधी मॅडमचा फोन, शेपटीवर आणखी सहा अ‍ॅक्सेलरोमीटर लावलेत, ५१२ नेच हवेत. सहा गुणिले चार, २४ वर्ड. मी म्हणलं २६ मोकळे आहेत, होऊन जाईल.

झालं नाही. सुपरकमचे चार डबे सारख्या अंतरावर लागतात, इथे १००-१०० वर्डवर. आणि आमचे २६ मोकळे वर्ड फ्रेमभर कुठेही पसरलेले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सव्वीस स्कूटरच्या जागा इथे तिथे रिकाम्या आहेत आणि तुम्हाला ट्रक लावायचाय, तसं. मोकळी जागा किती ठेवली हे आम्ही मोजलं होतं, कुठल्या आकाराची ठेवली हे नाही.

दोन वाटा होत्या. एक, हातानेच दहा-बारा संथ वर्ड हलवून सहा जणांपुरती जागा करायची, कंटाळवाणं पण फक्त तेवढंच बदललं असतं. दुसरी, यादीत सहा नावं घालून स्क्रिप्ट परत चालवायची, पाच मिनिटांचं काम, पण अख्खी मांडणी नवी. आम्ही स्क्रिप्ट चालवली. ज्युनिअरने रात्री दहाला फाइल पाठवली, मी गाडीत होते, घणसोली गेलं असेल, मोबाईलवर वरवर बघितली, अ‍ॅक्सेलरोमीटरच्या जोड्या शेजारी आहेत ना, आहेत, ३९८ वर्ड, २ मोकळे, ठीक आहे पाठव. तो ओके माझाच आहे.

व्हर्जन दोन विमानात लोड झालं तेव्हा टेस्ट सेट दुसऱ्या विमानाला लागलेला होता. हँगरमध्ये उभ्या विमानावरच तपासलं. उंची दिसतेय? दिसतेय, बरोबर आहे. हँगरची उंची दिवसभर काही बदलत नाही.

उड्डाण

पहिलं उड्डाण, पंधरा हजार फुटांपर्यंत चढायचं, दोन टप्पे करायचे, उतरायचं. मी बेसवर ग्राउंड स्टेशनमध्येच होते. चढताना एकदम उंचीचा ग्राफ चार हजार फूट खाली आला आणि पुढच्या सॅम्पलला परत जागेवर. एकच सॅम्पल. थोड्या वेळाने परत. पायलटला विचारलं, त्याच्याकडे सगळं व्यवस्थित. फ्लटरचा डेटा स्वच्छ होता, पण टेस्ट कंडक्टर म्हणाले ज्या स्क्रीनवर उंचीच खोटी दिसतेय त्यावर मी वेग वाढवायला सांगणार नाही. दुसरा टप्पा रद्द. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

शोध

पुढचे दोन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. असा एका सॅम्पलचा काटा दिसला की पहिला संशय रेडिओवर जातो, सगळ्यांचाच. अँटेनाचा पॅटर्न बघितला, जमिनीवरून परावर्तन होतंय का बघितलं, केबल बदलली. खरं तर ग्राउंड स्टेशनचा लॉग पहिल्याच तासाला सांगत होता की त्या क्षणी सिंक एकदाही सुटलेली नाही आणि त्याच फ्रेममधले बाकीचे वर्ड ठणठणीत आहेत. लॉग माझ्याकडेच होता. पण खोलीत दहा जण अँटेनावर बोलत असले की आपणही अँटेनावरच बोलायला लागतो.

सापडलं ते ज्युनिअरला. त्याने काटे वेळेवर न मांडता उंचीवर मांडले. चार काटे होते, दोन चढताना, दोन उतरताना, आणि सगळे ४०९६, ८१९२, १२२८८ यापैकी एका उंचीला. चढताना खाली उडी, उतरताना वर उडी, दर वेळी ४०९६ फूट. तो मला फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, सोळाने गुणा."

६५५३६. उंची बसवर दोन वर्डमध्ये येते, ३२ बिट, एक पायरी फुटाच्या सोळाव्या भागाची. खालचा वर्ड ६५५३५ ला भरला की शून्यावर येतो आणि वरचा एकाने वाढतो, रिक्षाच्या मीटरसारखं. व्हर्जन दोनमध्ये स्क्रिप्टने वरचा वर्ड एका फ्रेममध्ये आणि खालचा पाच फ्रेम नंतर बसवला होता, ३९ मिलिसेकंदांच्या अंतराने. त्या मधल्या वेळात मीटर पलटला की वरचा जुना आणि खालचा नवा, उंची ४०९६ ने कमी. आणि दर वेळी का नाही, तर उंची आठ फ्रेममध्ये एकदा जायची, त्यातल्या पाच फ्रेम धोक्याच्या, म्हणजे आठात पाच वेळा. सहा वेळा त्या उंच्या ओलांडल्या, चार काटे. जमतंय.

व्हर्जन एकमध्ये हे दोन वर्ड शेजारी होते. कोणी ठेवले म्हणून नाही, यादीत एकाखाली एक होते म्हणून. सहा नवे फास्ट चॅनल आधी बसले, संथवाले सगळे सरकले आणि जोडी फुटली. एका आकड्याचे तुकडे नकोत म्हणून मीटिंगमध्ये ओरडलेली मी, आणि बसवर आधीच दोन तुकड्यांत येणाऱ्या आकड्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

मग बसच्या ४०० वर्डमध्ये अशा जोड्या किती ते काढलं, २३. त्यातल्या ९ फुटल्या होत्या. रेखांशाची पण फुटली होती आणि तो पण उडाला होता, दोनदा. दिसला नाही कारण मॅप डिस्प्ले असा वेडावाकडा बिंदू आला की गुपचूप गाळून टाकतो. तो डिस्प्ले आमचाच, आणि ते गाळणं मागच्या वर्षी आम्हीच कौतुकाने घातलेलं.

दुरुस्ती आणि निकाल

२३ जोड्या स्क्रिप्टमध्ये बांधल्या, एकाच फ्रेममध्ये, शेजारी. इथे परत एक फाटा आला. शेजारी ठेवले तरी मधे १९.५ मायक्रोसेकंद उरतात, नेमकं तेव्हाच बस वाचणाऱ्या कार्डने नवा आकडा घातला तर तोच प्रकार. शक्यता ३२०० मध्ये एक. क्लायंटचे साहेब म्हणाले एवढ्यासाठी कार्डच्या सेटिंगला हात नको. मी अडून बसले, कार्डला अख्खा मेसेज एकदम धरून ठेवायची सोय आहे, ती चालू करा. आणि टेस्ट सेट लावून शून्य ते पंधरा हजार फूट वरखाली केल्याशिवाय उडवू नका. एक दिवस त्यात गेला, चढ्या आवाजात बोलणं झालं, पण केलं.

व्हर्जन तीन पुढच्या सगळ्या उड्डाणांना तेच राहिलं, ३९८ वर्ड, दोन मोकळे. फ्लटरचं काम पूर्ण झालं, मॅडमना ५१२ कुठेही कमी पडले नाहीत, नंतरच्या विश्लेषणाला रेकॉर्डरमधले २००० होतेच. पहिल्या उड्डाणाची उंचीही रेकॉर्डरमधूनच परत काढली, तिथे अख्खा बस मेसेज जसाच्या तसा टिपलेला असल्यामुळे ती शाबूत होती. तोटा म्हणाल तर एक रद्द टप्पा, तीन दिवस, आणि बेसवर आम्हाला बराच काळ 'चार हजार फूटवाले' म्हणत होते.

परत करायचं झालं तर

सहा अ‍ॅक्सेलरोमीटर आले तेव्हा हाताने वर्ड हलवले असते. उड्डाणाच्या नऊ दिवस आधी अख्खी मांडणी बदलणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल बदलणं. मोकळी जागा आता आम्ही आकारासकट ठेवतो, निदान दोन-तीन ५१२ वाले बसतील अशा चार-चारच्या सरळ ओळी, मग त्यापायी एकूण मोकळे वर्ड थोडे कमी झाले तरी चालेल.

फाइल मोबाईलवर बघून ओके देणं बंद. हे नियम म्हणून लिहिलंय, पाळतो का, बहुतेक वेळा.

तपासणीचं मात्र पक्कं केलंय. मांडणीत एक वर्ड जरी हलला तरी जे बदलतं ते बदलवून बघायचं, उभ्या विमानावर उंची 'दिसतेय' याला काही अर्थ नाही. आणि डिस्प्लेने काही गाळलं तर कोपऱ्यात आकडा दाखवायचा, किती गाळलं.

पॅकेट टेलिमेट्री घेतली असती तर अख्खा बस मेसेज एका पाकिटात आला असता आणि ही जोडी फुटलीच नसती, हे ज्युनिअरने मला तीनदा ऐकवलंय. बरोबर आहे त्याचं. सहा आठवड्यांत ते जमलं असतं असं मला अजूनही वाटत नाही, पण पुढच्या कामात बसचा डेटा तसा न्यायचं ठरलंय आणि ते तोच करतोय.

पॅरामीटरच्या यादीत आधी चार रकाने असायचे, नाव, रेंज, बिट, रेट. काकांचा प्रश्न आणि ही उंचीची भानगड दोन्ही एकाच जातीचे, कोण कोणाबरोबर एकाच वेळी लागतो हे त्या चार रकान्यांत कुठेच नव्हतं. आता पाचवा रकाना आहे, 'कोणाबरोबर'. गेल्या आठवड्यात क्लायंटची पुढच्या विमानाची यादी आली, ११०० ओळी, पाचव्या रकान्यात पहिल्या ओळीला 'लागू नाही' आणि तेच खालपर्यंत ओढलेलं. सोमवारी साहेब येतायत महाप्याला, सकाळी लवकर निघा म्हणून सांगितलंय.